रोमिओ-ज्युलिएटच्या उपमा: कोण बोलतंय ते आधी बघा

शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे नाटक अभ्यासक्रमाला लागलं की कोणीतरी सीनियर ‘इमेजरी’च्या, म्हणजे प्रतिमांच्या, नोट्स हातात ठेवतोच. घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. एका पानावर उपमा, दुसऱ्यावर रूपकं, तिसऱ्यावर विरोधाभास (उलट अर्थाचे शब्द एकत्र आणणं) अशी त्यांची मांडणी असते, आणि माझे मार्क नेमके तिथेच गेले.

‘शिशाचं पीस, थंड आग, आजारी आरोग्य’ हे शब्द मी ज्युलिएटवरच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून ठोकून दिले होते. अहो, पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात रोमिओने ज्युलिएटला पाहिलेलंसुद्धा नसतं! तो झुरत असतो रोझलाइनसाठी, जिच्या तोंडी नाटकभर एकही वाक्य नाही. पुढच्याच प्रवेशात तो म्हणतो की जग सुरू झाल्यापासून सूर्याने तिच्या तोडीची पाहिली नाही. तेही रोझलाइनबद्दलच. दुसऱ्या अंकात मात्र बागेतून वर बघत तो ज्युलिएटलाच सूर्य करून टाकतो, ‘ऊठ आणि त्या मत्सरी चंद्राला मार’ म्हणतो. सूर्य दोन्हीकडे आहे, पण आधी तो नुसता साक्षीदार होता आणि आता ती स्वतःच सूर्य झाली. नुसतं ‘सूर्याची प्रतिमा वापरली आहे’ लिहिलंत तर हे सगळं हातातून जातं.

विरोधाभासाचंही तसंच. तिसऱ्या अंकात रोमिओने टिबल्टला मारल्याचं कळतं, तेव्हा ज्युलिएट रोमिओला ‘देवदूतासारखा सैतान’, ‘कबुतराच्या पिसांचा डोमकावळा’ म्हणते. अलंकार तोच, पण ‘थंड आग’ म्हणताना रोमिओ विरहाची हौस भागवत होता आणि इथे ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट मेलाय, मारणारा नवरा आहे. म्हणून प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: कोण, कोणाबद्दल, कितव्या अंकात. कंटाळवाणं काम आहे, पण करावंच लागतं. अलंकारांच्या व्याख्या पाठ करून घेणाऱ्या सरांपेक्षा नाटक मोठ्याने वाचून घेणारे सर शोधा.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. एकदा माणसं ओळखीची झाली की ओळी सुटायला लागतात. पहिल्या भेटीत रोमिओ तिचा हात म्हणजे देवस्थान आणि आपले ओठ म्हणजे यात्रेकरू असं सांगतो. ज्युलिएट तीच प्रतिमा उचलते आणि यात्रेकरूचे ओठ प्रार्थनेसाठी असतात म्हणून परतवते. दोघांच्या बोलण्यातून चौदा ओळींचं अख्खं सुनीत (सॉनेट) तयार होतं. आणि चौदा वर्षंही पूर्ण न झालेली ही पोर बागेतल्या प्रवेशात त्याच्यापेक्षा शहाणं बोलते: चंद्राची शपथ नको, तो महिन्या-महिन्याला बदलतो, आपलं हे जमणं विजेसारखं आहे, ‘चमकली’ म्हणेपर्यंत गेलेली.

माझी सगळ्यात आवडती जागा गाईडमध्ये क्वचितच सापडते. निरोप घेताना ज्युलिएट प्रेमाला कळी म्हणते, पुढच्या भेटीपर्यंत तिचं फूल होईल म्हणते. चौथ्या अंकात ती मेली असं समजून तिचा बाप कॅप्युलेट म्हणतो, शेतातल्या सगळ्यात गोड फुलावर अवेळी हिव पडावं तसा मृत्यू हिच्यावर पडलाय. ही जोडी उत्तरात घ्याच. फक्त प्रश्नात ‘प्रेमिकांच्या उपमा’ असं असेल तर बापाची ओळ तुलनेपुरतीच ठेवा, उदाहरणांत मोजू नका.