आयरिश रील-जिगला गिटारची साथ: या चुका टाळा

आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरच्या एका पबात पहिल्यांदा सेशनला, म्हणजे सगळे मिळून पारंपरिक ट्यून वाजवतात त्या बैठकीला, बसलो, तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन कॉर्डचं तर काम. 'कूलीज रील' (रील म्हणजे चार-चारच्या ठेक्याची जलद नाचाची ट्यून) सुरू झाली. ई मायनर कानावर आला आणि मी ई मायनर, सी, डी असा सवयीचा रस्ता धरला. शेजारच्या फिडलवाल्या आजोबांनी गज न थांबवता माझ्या डाव्या हाताकडे फक्त पाहिलं. पुढच्या फेरीत सी सोडला, तेव्हाच ती नजर हटली.

ही रील ई डोरियन या स्वरमालेतली. ई हा सा धरला तर सरळ काफी थाट: गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. सी मेजरमधून कोमल धैवत येतो, म्हणजे काफीत आसावरी घुसते! अशा रीलला ई मायनर आणि डी एवढ्यावर बहुतेक भागतं. याचंच भावंड डी मिक्सोलिडियनमध्ये भेटतं, म्हणजे आपल्या खमाजात. ओळ संपताना हात आपोआप ए मेजरवर जातो, पण त्यातला निषाद शुद्ध आणि ट्यूनमधला कोमल. तिथे सी मेजर धरा, नाहीतर ए वाजवताना नुसते ए आणि ई ठेवा.

कॉर्डमधला गंधार गाळला की मेजर-मायनरची भानगडच मिटते. बॉथी बँड या आयरिश बँडचे गिटारवादक मीहॉल ओ डॉनल गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावायचे. त्यासाठी नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवायची. डी घुमत राहतो, तानपुरा मांडीवर घेतल्यासारखा. १९६०च्या दशकात जॉनी मोयनिहान यांनी आयरिश संगीतात आणलेली बुझुकी (मूळचं ग्रीक तंतुवाद्य) जी-डी-ए-डी लावतात, तीही याच सोयीची. मात्र नवीन ट्यूनिंगमध्ये जुने आकार धरून 'हे बेसूर का वाजतंय?' म्हणू नका. मी म्हटलंय.

आता उजवा हात. जिग सहा मात्रांची, दादऱ्यासारखी तीन-तीन. पिक खाली-वर-खाली-वर फिरवलात तर चौथी मात्रा वरच्या फटक्यावर पडते आणि तिचं वजन जातं. खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असंच वाजवा. लागोपाठ दोन 'खाली' आधी अवघडतात; हळू लयीत आठवडाभर घासा. रीलला मात्र आलटून-पालटून हातच बरा. स्लिप जिगला नऊ मात्रा, तीन-तीन-तीन. तिथे जिगसारखं सहा-सहा मोजत गेलात तर दुसऱ्याच बारला, म्हणजे आवर्तनाला, सम हुकते.

बऱ्याच ट्यूनचे दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारचा आणि दोनदा वाजणारा, म्हणजे एक फेरी ३२ बारची. दोन-तीन फेऱ्यांनंतर न थांबता दुसरी ट्यून येते (अशी सलग माळ म्हणजे सेट), तीही अनेकदा वेगळ्या सुरात. इथेच नवखा साथीदार जुन्या कॉर्डला चिकटून राहतो. तारांवर तळवा ठेवून त्या दाबा, चार बार नुसता ठेका द्या, सूर कुठे स्थिरावतो ते ऐका आणि मग कॉर्ड धरा.

आणि आधीच कुणी गिटार घेऊन बसलं असेल तर आपली पिशवीतच राहू द्या. दोघांनी दोन वेगळ्या कॉर्ड धरल्या की फिडलवाल्याचे हाल होतात. अगदीच हात शिवशिवत असतील तर दोन सेटच्या मध्ये विचारा, 'पुढचा मी घेऊ का?'