गॅस टकटक करतोय पण पेटत नाही? न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला इकडे एडिसन, इझेलिन भागात नवीन मराठी कुटुंबं येतात, आणि जरा सामान लागलं की फोन सुरू होतात, "ताई, गॅस नुसता टकटक करतोय, पेटत नाहीये, कोणी मेकॅनिक आहे का ओळखीचा?" मेकॅनिक आहे हो, पण तो नुसता येऊन बघायचेच शंभर डॉलरच्या आसपास घेतो आणि बऱ्याचदा बर्नरचं झाकण नीट बसवून निघून जातो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी हे बघा की गॅस तुमचा आहे का घरमालकाचा. भाड्याचं अपार्टमेंट असेल तर रेंज (वर बर्नर आणि खाली ओव्हन असलेल्या गॅसला इथे रेंज म्हणतात) जवळजवळ नेहमी मालकाचीच असते, म्हणजे दुरुस्ती पण त्याचीच, तुम्ही नीट वापरत असलात तर. आपली सवय कशी, नवीन आलोय, उगाच कशाला तक्रार, लायटरने पेटवू आणि भागवू. असं करू नका. ऑफिसमध्ये लेखी मेंटेनन्स रिक्वेस्ट टाका, ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथे, म्हणजे तारीख राहते, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून गॅसचे पैसे कापायला कोणी बसलं तर दाखवायला काहीतरी असतं. साफसफाई सोडून स्वतः काही उघडायला जाऊ नका. मालकाच्या वस्तूला हात लावून बिघडली तर ते निस्तरणं तुमच्याच गळ्यात येतं.

वासाचं मात्र मालक-भाडेकरू काही नाही. नॉब बंद असताना घरात गॅसचा वास येत असेल तर दिवा लावू नका, बंदही करू नका, एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नको, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर नाहीतर ९११ ला फोन करा. गॅस कंपनीचा माणूस रात्री-अपरात्री पण येतो आणि गळती बघायचे पैसे घेत नाही, तेव्हा संकोच नको. रेंज धोक्याची वाटली तर तो तिचा गॅस बंद करून लाल टॅग लावून जातो, तो टॅग आपण काढायचा नाही. अजून एक, सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, म्हणून आपल्याला वाकून वास घ्यायची सवय असते. इथला पाइपातला नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. खाली वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता टकटक. इथल्या रेंजच्या मागे गॅसच्या पाइपाबरोबर साधा १२० व्होल्टचा प्लग पण असतो आणि निम्मी दुखणी त्या विजेच्या बाजूची असतात. प्रत्येक बर्नरच्या कडेला पांढऱ्या सिरॅमिकची एक काडी दिसेल, तिच्या टोकातून ठिणगी बर्नरवर उडते. या सगळ्या काड्यांना ठिणगी देणारा मॉड्यूल बहुतेक रेंजमध्ये एकच असतो, त्यामुळे एक नॉब फिरवला तरी चारही बर्नर टकटक करतात, घाबरू नका, ते तसंच असतं. पण त्यावरूनच बिघाड ओळखता येतो. सगळे टकटक करतायत आणि एकच पेटत नाही, तर भानगड त्या एका बर्नरची, म्हणजे झाकण वाकडं बसलंय, भोकं बुजलीत किंवा काडी ओली नाहीतर तडकलेली आहे. कोणीच टकटक करत नाही, तर आधी मागचा प्लग आणि ब्रेकर (घराच्या इलेक्ट्रिक पॅनेलमधला स्विच) बघा. आणि नॉब बंद केला तरी टकटक थांबतच नाही, तर कुठल्यातरी नॉबच्या खालच्या स्विचमध्ये पाणी गेलंय.

हे पाणी कुठून येतं ते आपल्या स्वयंपाकघरात सांगायला नको. कुकरच्या शिट्टीबरोबर उडणारं डाळीचं पाणी, भाताची पेज, उतू गेलेलं दूध, आणि वर आपण उत्साहाने स्प्रे मारून गॅस पुसतो ते. ब्रेकर बंद करा, जाळ्या आणि झाकणं काढा, कोरड्या फडक्याने टिपा, नॉब सरळ ओढून काढा (पकडीने नाही, आतला दांडा एका बाजूने चपटा असतो आणि नॉबचं प्लास्टिक तडकतं), हेअर ड्रायर गार हवेवर धरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी टकटक बंद झाली तर पैसे वाचले. नाही थांबली तर स्विचची अख्खी वायरिंग मिळते, ती बदलावी लागते.

दुसरं कारण पीठ. भाकरी आणि फुलके थेट जाळावर टाकायचे तर पीठ बर्नरच्या भोकांत जाणारच, आणि मग ज्योत एका बाजूने मोठी, एका बाजूने नाहीच. बर्नर पूर्ण गार झाला की भोकं सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करा, टूथपिकने नको, ती आत तुटते आणि मग बसा. बर्नरचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरमध्ये टाकू नका, काळा पडतो. परत बसवताना झाकणाखालची खूण त्याच्या खाचेत बसली का ते बोटाने हलवून बघा, डुगडुगायला नको. ज्योत निळी हवी. पिवळी लांबडी असेल आणि पातेल्याचं बूड काळं होत असेल तर गॅस नीट जळत नाहीये, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची भीती, तसंच वापरत राहू नका. डाग नको म्हणून अॅल्युमिनियम फॉइल अंथरायची टूम पण बंद करा, ओव्हनच्या तळाला तर नकोच, हवेचे मार्ग बंद होतात.

वीज गेली तर वरचे बर्नर बहुतेक रेंजवर काडेपेटीच्या काडीने किंवा भारतातून आणलेल्या लायटरने पेटतात. ओव्हन पेटत नाही आणि पेटवायचा प्रयत्नही करायचा नाही.

ओव्हनचं दुखणं वेगळं असतं आणि तिथे भले भले चकतात. तळाच्या पत्र्याखाली एक इग्नायटर असतो, ठिणगी नाही, लाल तापणारी पट्टी. ती तापली की तिच्यातून पुरेसा करंट जातो आणि मगच सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून गॅस येतो. चपट्या प्रकारच्या पट्टीला साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर लागतो. जुनी झाली की ती लाल तर होते पण तेवढा करंट ओढत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडत नाही नाहीतर फार उशिरा उघडतो. माणूस आत बघतो, पट्टी लाल दिसते, म्हणतो इग्नायटर चांगला आहे, आणि महागडा व्हॉल्व्ह मागवतो. तो मागवू नका. ३५० फॅरनहाइटला लावा आणि घड्याळ बघा, दीड मिनिट झालं तरी भप्प असा आवाज येऊन ज्योत येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा इग्नायटरच म्हातारा झालाय. केक मध्यभागी कच्चा राहणं, ओव्हन तापायला अर्धा-पाऊण तास लागणं, पेटताना किंचित वास येणं, सगळं त्याचंच. नवीन पट्टी साधारण ३० ते ८० डॉलरला येते, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर, स्वतःची रेंज असेल आणि हात बरा चालत असेल तर घरी होतं. प्लग काढून, गॅस बंद करून मगच, आणि पट्टीच्या करड्या भागाला बोट लावायचं नाही, ती खडूसारखी मोडते.

पार्ट शोधताना "व्हर्लपूल फाइव्ह बर्नर" असं टाइप करून काही हाती लागत नाही. पूर्ण मॉडेल नंबर लागतो, शेवटच्या अक्षरापर्यंत. खालचा ड्रॉवर बाहेर काढा, समोरच्या चौकटीवर स्टिकर असतो, नाहीतर ओव्हनचं दार उघडून कडेला बघा. फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आत्ताच, बिघडायची वाट बघू नका. रेंज केनमोअरची असेल तर ती सिअर्स या दुकानवाल्यांनी दुसऱ्यांकडून बनवून घेतलेली, नंबरात टिंबाच्या आधीचे तीन आकडे खरा बनवणारा सांगतात, ७९० म्हणजे फ्रिजिडेअरवाले. मेटॅग, अमाना, किचनएड हे सगळे व्हर्लपूलचेच, त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला चालताना दिसतो. रिपेअरक्लिनिक, पार्टसिलेक्ट, सिअर्स पार्ट्सडायरेक्ट यांच्यावर मॉडेल नंबर टाकला की रेंजचं सुटं सुटं चित्र येतं, त्यातून पार्ट नंबर उचला. जुना नंबर बंद होऊन नवीन आलेला असतो, त्याने गोंधळू नका, साइट "याच्या जागी हा" असं दाखवते. मग तोच नंबर टाकून इतरत्र भाव बघा. नॉब, जाळी, झाकण स्वस्तातलं घ्या खुशाल. इग्नायटर आणि मॉड्यूल मात्र ओरिजिनल घ्या असं माझं मत, आणि परत करायचे नियम आधी वाचा, बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

गॅसचा पाइप, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह हे लायसन्सवाल्याचं काम, त्यात युट्यूब नको. कोणाकडून वापरलेली रेंज स्वस्तात घेत असाल तर ती नॅचरल गॅसवर लावलेली आहे का प्रोपेनवर ते विचारा, दोन्हीची बर्नरखालची भोकं वेगळ्या मापाची असतात. गाव सोडून आडबाजूच्या घरात राहणाऱ्यांकडे प्रोपेनची टाकी असते, तिथली रेंज तशीच आणून इथे लावली तर ज्योत मिणमिणती राहते, उलटं केलं तर भडका. मागची पिवळी लवचिक नळी नवीनच घ्या, जुनी परत लावू नका. आणि मागच्या पायाला अडकणारा, रेंज पुढे कलंडू न देणारा अँटी-टिप ब्रॅकेट बसवून घ्या, १९९१ पासून नव्या रेंजबरोबर तो द्यावाच लागतो, पण लावायचा आळस सगळ्यांना. उघड्या दारावर मूल चढलं की रेंज वरच्या उकळत्या कुकरसकट पुढे येते.

ओव्हन म्हणजे आपल्याकडे कढया आणि तवे ठेवायचं कपाट, ते ठीक, पण पाहुणे आले आणि कोणी विचार न करता प्रीहीट लावला तर प्लास्टिकच्या मुठी वितळतात, तेव्हा आधी दार उघडून बघा. आणि सेल्फ-क्लीनचं (ओव्हन स्वतःच खूप तापून आतली घाण जाळतो ते) बटण दिवाळीच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात दाबू नका. आत ९०० फॅरनहाइटच्या आसपास जातं, जुना फ्यूज नाहीतर दाराचं लॉक नेमकं तेव्हाच जातं, आणि त्या दिवसांत मेकॅनिकची पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळते.