शहरातला वसंत रोज थोडा थोडा कसा टिपावा

एक झाड निवडा. या लेखात पुढे बरंच काही आहे, पण अर्धं काम एवढ्यानेच होतं, म्हणून ते आधी सांगते.

"छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा" हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. तो ऐकून फारसं काही घडत नाही, कारण शोधायचं कुठे ते कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की शोधायला जाऊच नये. येण्याजाण्याच्या वाटेवरची दोन-तीन ठिकाणं धरून ठेवावीत आणि तिथेच परत परत बघावं. मन रोजच्या गोष्टींना फार लवकर सरावतं. नवं घर, नवा फोन, नवी गाडी, कशाचीही नवलाई फार टिकत नाही. वसंतात मात्र जागा तीच राहते आणि रोज वेगळी दिसते. सरावायला सवडच मिळत नाही, आणि हाच या ऋतूचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

पहिली पायरी : झाड आणि त्याची एक फांदी

झाड देखणं असण्याची गरज नाही. ते तुमच्या वाटेवर हवं आणि त्याच्यापाशी मिनिटभर थांबता यायला हवं: बस स्टॉपच्या मागचं, सिग्नलजवळचं, जिन्याच्या खिडकीतून दिसणारं. महत्त्वाची अट एकच, त्याची एखादी फांदी डोळ्यांच्या उंचीवर यायला हवी. अख्ख्या झाडाकडे बघितलं तर "हं, पालवी फुटली" एवढंच कळतं, आणि तेही आठवडाभर उशिरा. म्हणून फांदीचं एक टोक ठरवा आणि रोज तेवढंच बघा.

काय बघायचं? कडक थंडीच्या प्रदेशात हिवाळाभर कळीवर खवले असतात, एकावर एक घट्ट बसलेले. वसंतात आधी कळी फुगते, मग खवल्यांच्या फटीतून हिरवी रेघ दिसायला लागते. दोन-चार उबदार दिवस मिळाले की खवले गळतात आणि घड्या घातलेलं पान बाहेर येतं. गळलेले खवले डहाळीवर बारीक वळ्यांची पट्टी सोडून जातात. टोकापासून मागे सरकत ती पट्टी शोधा: तिथपासून टोकापर्यंतची लांबी म्हणजे फांदीची गेल्या मोसमातली वाढ. आणखी मागे गेलात तर त्याआधीच्या वर्षाची पट्टी सापडेल. कुठे दोन वळ्यांमध्ये वीतभर अंतर असतं, तर कुठे जेमतेम बोटाच्या पेराएवढं. म्हणजे ते वर्ष झाडाला जड गेलं. आपण रोज ज्याच्याखालून जातो त्याची अशी कुंडली हाताशी असते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

उष्ण प्रदेशात गोष्ट निराळी असते. आंबा, पिंपळ अशा झाडांची नवी पालवी तांबूस येते. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, आणि त्या काळात हे रंगद्रव्य पानाला कडक उन्हापासून काहीसं सांभाळतं. आंब्याची कोवळी पानं काही दिवस मलूल झाल्यासारखी लोंबत राहतात. मग हळूहळू ताठ होतात, तांबूस रंग पोपटी होतो आणि पोपटी गडद होत जातो. हा प्रवास एकाच पानावर बघा. बोटांत हलकेच धरलं तर आज मऊ लागणारं पान काही दिवसांनी कडक झालेलं कळतं.

आणखी एक गंमत करून बघण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या झाडांच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की रात्री जास्त उजेड असलेल्या भागांतल्या झाडांच्या कळ्या आठवडाभरापर्यंत आधी उमलतात. तुमच्या रस्त्यावर दिव्याखाली आणि अंधारात अशी एकाच जातीची दोन झाडं असतील, तर कोण पुढे आहे ते बघा. इमारतीच्या सावलीतलं झाड उन्हातल्या झाडापेक्षा बऱ्याचदा मागे असतं. त्यामुळे एका बाजूचा बहर बघायचा राहिला तरी हळहळू नका. कोपरा वळून सावलीच्या बाजूला गेलात तर तोच बहर नुकता सुरू होत असेल.

दुसरी पायरी : ऊन कुठवर आलं

वसंत संपात, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असण्याचा दिवस, २० मार्चच्या आसपास येतो. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात वसंत सप्टेंबरमध्ये सुरू होतो, तिथे हाच दिवस २२-२३ सप्टेंबरला. या दिवशी सूर्य जवळजवळ सगळीकडे नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. शहरात राहणाऱ्याला ही पर्वणी आहे. तुमच्या भागात सरळ पूर्व-पश्चिम रस्ता असेल तर त्या दोन-तीन संध्याकाळी तिथे जा. सूर्याकडे थेट बघू नका, रस्त्याकडे बघा. ऊन इमारतींच्या मधून रस्त्याच्या लांबीभर आडवं पसरलेलं असतं, प्रत्येक खांबाची, सायकलची, माणसाची लांबलचक सावली रस्त्याच्याच दिशेने पडते, आणि खडबडीत डांबरातला खडा न् खडा उठून दिसतो. इतर दिवशी ही जुळणी होत नाही.

घरात याहून सोपं काम आहे. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा भिंतीवर किंवा फरशीवर जिथे पडतो, तिथे पेन्सिलने बारीक खूण करा आणि वेळ लिहा. आठवड्याने त्याच वेळी परत बघा. संपाताच्या सुमाराला हा बदल वर्षातला सगळ्यात वेगवान असतो. लंडन किंवा पॅरिसइतक्या उत्तरेला दिवस आठवड्याला पंचवीस मिनिटांच्या आसपास मोठा होतो. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी जवळपास तेवढीच राहते, पण कवडसा तिथेही सरकतोच.

तिसरी पायरी : कान मोकळे ठेवा

पक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून अनेकजण मागे राहतात. नावं लागतच नाहीत. उजाडायच्या थोडं आधी खिडकी उघडा आणि आवाज कुठल्या दिशेने येतात तेवढं ओळखा: एक समोरच्या गच्चीवरून, एक मागच्या झाडातून, एक लांबून उत्तर देणारा. तोच पक्षी रोज त्याच जागेवरून गातो का, हे चार-पाच पहाटेंत समजायला लागतं. बऱ्याचदा गातो, कारण गाण्यातून तो ही हद्द आपली असल्याचं सांगत असतो.

शहरातल्या पक्ष्याला ट्रॅफिकशीही झगडावं लागतं. नेदरलंड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्गरीट पीट या जीवशास्त्रज्ञांनी ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याची गाणी रेकॉर्ड केली. गोंगाटाच्या भागांतले नर वरच्या पट्टीत गातात, कारण गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली असते, असं त्यांनी २००३ साली दाखवून दिलं. हे वाचल्यापासून हमरस्त्याजवळचा पक्षी आणि आतल्या गल्लीतला पक्षी मी वेगळ्या कानाने ऐकते.

आणि पारव्यांकडे दुर्लक्ष करू नका. नर मानेची पिसं फुलवतो, वाकतो, घुमतो, गोल फिरतो. जोडी जमली की तो एकेक काडी आणून मादीला देतो आणि ती बसल्या जागी रचत जाते. एसीच्या मागे हे काम चाललेलं असेल तर दहा मिनिटं कशी जातात कळत नाही.

चौथी पायरी : खाली बघा

भिंतीच्या भेगा, फूटपाथच्या फरश्यांमधल्या फटी, जाळीखालची माती. इथे उगवणाऱ्या रोपांना कोणी लावलेलं नसतं, पाणी घातलेलं नसतं, तरी त्यांची फुलं अनेकदा बागेच्या आधी येतात.

कुंपणात घाणेरी म्हणजे टणटणी असेल तर तिचा एकच गुच्छ जवळून बघा. मधली फुलं पिवळी, बाहेरची केशरी, गुलाबी किंवा लाल. हे रंगीबेरंगी वाण नाही, प्रत्येक फूल पिवळं उमलतं आणि वयानुसार रंग बदलतं. मध मुख्यतः पिवळ्या फुलांत असतो आणि फुलपाखरांना ते कळतं. एखादं फुलपाखरू गुच्छावर बसलं की त्याची सोंड कुठल्या रंगात जाते ते बघा. जुनी फुलं लगेच झडत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो.

पाचवी पायरी : वास

वासाबद्दल थोडक्यात. नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, म्हणून फुललेल्या झाडाखाली उभं राहण्यापेक्षा त्याच्या जवळून दोनदा जावं. दुसऱ्या फेरीत वास परत येतो. पहिली सर पडल्यावर खिडकी लगेच उघडा. मातीचा तो वास मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा, जे मातीतले जिवाणू तयार करतात. हवेत त्याचे एक लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी आपल्याला ते जाणवतात.

परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांना वसंत सोसावा लागतो, हे मला ठाऊक आहे. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी परागकण जास्त उडतात. चांगला पाऊस होऊन गेला की हवा काही काळ स्वच्छ असते, तेव्हा बाहेर पडा. त्रास बहुधा वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचा आणि गवतांचा असतो. भडक रंगाच्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटक वाहून नेतात. म्हणजे बऱ्याच जणांना फुलांकडे बघायला हरकत नसते. बाकी दिवशी पहिल्या दोन पायऱ्या बंद खिडकीतूनही जमतात.

सहावी पायरी : आठवड्यातून एक फेरी

बाकी सगळं जाता-येता होतं, पण आठवड्यातून पंधरा मिनिटं निव्वळ बघण्यासाठी काढावीत. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया स्टर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, दर आठवड्याला पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. अर्ध्यांना फक्त चाला म्हटलं, अर्ध्यांना नवलाने बघत चाला म्हटलं. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवलाने बघणाऱ्यांच्या मनात आनंद आणि कृतज्ञता जास्त दिसली. त्यांनी काढलेल्या सेल्फींमध्ये आठवड्यागणिक स्वतःचा चेहरा लहान होत गेला आणि मागचं दृश्य मोठं.

फोटो काढावेत का? काढावेत, पण एक तुकडा धरून. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं तेव्हा मात्र तसं झालं नाही. तेव्हा बहरलेल्या अख्ख्या झाडाचा फोटो राहू द्या, एका पाकळीच्या काठाचा घ्या.

सातवी पायरी : एक ओळ, तारखेसह

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचे जमीनदार १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहून ठेवत: पहिलं फूल, पहिलं पान, पहिली पाकोळी, बेडकाचा पहिला आवाज. त्यांच्यानंतर घरच्यांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं. आज हवामानाचे अभ्यासक त्याच ओळींतून ऋतू किती सरकला ते मोजतात.

तुम्ही फक्त तारीख आणि जे दिसलं ते लिहा. "आनंद झाला" लिहायची गरज नाही. "चिंचोळ्या गल्लीत सहा वाजताही ऊन" एवढं पुरे, पुढच्या वर्षी ती ओळ वाचताना बाकीचं आपोआप आठवतं. रोज लिहिण्याची सक्तीही करू नका. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात, आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. वहीचा गृहपाठ झाला की मजा जाते.

मन जड असेल त्या दिवसांत तर वही बंदच ठेवा. दुःखात असलेल्या माणसाला फुलांकडे बघ म्हणणं क्रूरपणाचं ठरू शकतं. वाटेवरचं झाड त्या दिवसांतही वाटेवरच असतं, बघितलं नाही तरी चालतं.

आठवी पायरी : कोणाला तरी सांगा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला ती फार मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी २००४ साली सहकाऱ्यांसह दाखवलं, की चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याने मूळ गोष्टीपेक्षा वेगळा, जास्तीचा आनंद मिळतो, आणि ऐकणारा मनापासून दाद देत असेल तर आणखी. म्हणून सांगणाऱ्याने ठिकाणासकट सांगावं: "पोस्टाच्या पेटीमागच्या भिंतीत निळं फूल आलंय." नुसतं "वसंत किती सुंदर" म्हटलं तर समोरच्याला धरायला काहीच नसतं. घरातल्या आजारी किंवा बाहेर न पडणाऱ्या माणसाला तर आवर्जून सांगा, आणि जमलं तर खाली पडलेली डहाळी नेऊन हातात द्या.

तुम्ही ऐकणारे असाल तर "अरे वा" वर थांबू नका. एक प्रश्न विचारा: नेमकं कुठे दिसलं, आज अजून असेल का, मला दाखवशील का. आणि दाखवतो म्हणाला तर त्याच दिवशी जा, कारण वसंतातली बरीच फुलं आठवडाभरही थांबत नाहीत.