नागपूर ते देवरी: जुन्या रोडनं जायचं तर पुलावर चढू नका

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हायवे, आता कागदावर ५३ नंबर पण आमच्याकडे अजून सगळे "सहा नंबर"च म्हणतात, हा इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. छत्तीसगडच्या सीमेजवळच्या देवरीपर्यंत साधारण १४० किलोमीटर. आता रोड एवढा झकास झालाय की लोक अडीच तासात पोचतात आणि काय पाहिलं विचारलं तर सांगतात, ट्रक. कारण लाखनी, साकोली सगळं पुलाखाली राहून जातं. म्हणून पहिला नियम हाच, उड्डाणपूल दिसला की लेफ्टला सर्व्हिस रोडवर उतरायचं. मॅप वरूनच जा म्हणेल, त्याचं ऐकायचं नाही. मी एकदा ऐकलं, गप्पांच्या नादात लाखनी गेली, साकोली गेली, सौंदड आल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले आणि मग यू टर्न मारून परत साकोली.

निघायचं दिवाळीनंतर. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे भाजीची नाही, जत्रा, रात्री नाटक, दंडार हे इकडचं लोकनाट्य, आणि धानाची कापणी चालू असते त्यामुळे रोडच्या कडेला धान वाळत घातलेलं आणि पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर, मागे लाईट नसलेले. म्हणून या दिवसात अंधार पडल्यावर गाडी हळू.

सकाळी नागपूरच्या पारडीतून बाहेर पडा, मौद्याला कन्हान नदी लागते, तिथे थांबायची गरज नाही. भंडाऱ्याला मात्र बायपास न घेता गावात शिरा. पितळेच्या भांड्यांचं गाव हे, बाजारात जुनी दुकानं अजून आहेत, गुंड (पाण्याचं भांडं) किंवा परात घ्यायची तर इथेच घ्या आणि वजन समोर करून घ्या. पुढे कारध्याला वैनगंगा, पावसाळ्यात इथला जुना लहान पूल पाण्याखाली जातो.

वैनगंगा ओलांडली की तलावांचा मुलूख सुरू झाला समजा. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे उगाच नाही म्हणत. बहुतेक तलाव कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या आणि नंतरच्या काळात धानासाठी बांधलेले, लहान असेल तर बोडी. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून नाव "माजी मालगुजारी", आणि त्याचं सरकारी शॉर्टफॉर्म झालं मामा तलाव! नवीन माणसाला वाटतं कोणाच्या तरी मामाचा आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरायला हरकत नसते पण गाडी चढवू नका, आणि गळ टाकायचा विचार तर अजिबात नको, मासे मच्छीमार सोसायटीचे असतात, ढीवर (मासेमार) भाऊ लगेच येतो विचारायला.

लाखनी-साकोलीत आठवडी बाजाराचा दिवस कोणता ते आधी फोन करून एखाद्या ओळखीच्याला विचारा, बाजार नसेल तर अर्धी मजा गेली. बाजारात दोन गोष्टी शोधा. एक मासे, मरळ आणि वाळलेले झिंगे (छोटी कोळंबी), झिंगे घ्याल तर पिशवीवर पिशवी चढवा नाहीतर आठवडाभर गाडीला वास. दुसरं उकडलेले शिंगाडे. काळे कुळकुळीत, दोन्हीकडे टोकं, बाई टोपलीतून गरम गरम काढून देते. घाईनं दाताखाली धरलं की टोक हिरडीत घुसतं, माझं घुसलं, बाई हसून म्हणाली मधातून फोड ना बाप्पा. मधोमध दाब दिला की पांढरा पिठूळ गर बाहेर येतो. बोटं काळी होतात, पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

साकोलीच्या पुढे सडक अर्जुनी. नावातच सडक आहे, म्हणजे या रोडवरची अर्जुनी, कारण दुसरी अर्जुनी मोरगाव आत आहे. इथे कोहमारा फाट्यावर ठरवायचं, डावीकडे गोंदिया, उजवीकडे नवेगावबांध. वेळ असेल तर उजवीकडेच वळा. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं लोक सांगतात, डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून पाणी अडवलंय, पाळीवर उभं राहिलं की माणसानं केलंय हे पटतच नाही. हिवाळ्यात पक्षी येतात, सकाळी लवकर जा, दुपारी नुसतं ऊन. तिथून पुढे गोठणगावकडे गेलात तर इटियाडोह धरण आणि चक्क तिबेटी लोकांची वस्ती, विदर्भात मोमो खायचे तर इथे चौकशी करा.

परत फाट्यावर येऊन देवरी धरलीत तर जंगल लागतं. डाव्या-उजव्या बाजूला नवेगाव-नागझिरा, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प. चितळ, रानडुक्कर कधीही आडवं येतं, म्हणून हा तुकडा उजेडातच संपवायचा. डिझेल साकोलीलाच टाकून घ्या. देवरीत चहा प्या, पुढे वाघनदी आली की छत्तीसगड.