ट्रॉलीचं चाक तारेवर ठेवायचं कसं

ट्राम वरच्या तारेतून वीज घेते ती छतावरच्या दांड्याने, आणि दांड्याच्या टोकाचं खोबणीचं चाक तारेला खालून टेकलेलं असतं. हा दांडा तारेवरून सुटला की पहिला आळ चाकावर येतो. चाक बदललं जातं, चार फेऱ्या नीट होतात आणि दांडा पुन्हा त्याच वळणावर सुटतो. रूळ, गाडी, छतावरचा बेस (दांड्याची फिरती बैठक), दांडा, हार्प (टोकाला चाक धरणारा चिमटा) आणि तार यांपैकी कुठेही दोष असला तरी तो दिसतो चाकापाशीच. म्हणून आधी शोध, मग पाना.

इथली मापं आणि पद्धती अमेरिकी धाटणीच्या, 600 व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या गाड्यांच्या आहेत. त्यांचा हार्प दांड्यावर घट्ट बसवलेला असतो, तो वळत नाही. मेनमधलं सीशोर किंवा इलिनॉयमधल्या युनियन गावचं रेल्वे संग्रहालय अशा ठिकाणी या गाड्या आजही धावतात. जुन्या ब्रिटिश ट्रामच्या दांड्यावर अनेकदा फिरतं डोकं असे, त्यामुळे तार रुळांच्या मध्यापासून बरीच बाजूला असली तरी चाक तिच्यावर टिकत असे. तिथले आकडे घट्ट हार्पच्या गाडीला लावू नयेत. मुंबईच्या ट्रामनी 1907 ते 1964 दांड्यानेच वीज घेतली. त्या काळच्या फोटोंत गाडीच्या मागे झुकलेला दांडा नीट पाहिला, तर खाली सांगितलेली बरीच भूमिती डोळ्यांना दिसते.

कामाला हात घालण्यापूर्वी एक अट. छतावर चढायचं किंवा तारेला हात लावायचा, तर तो भाग बंद करून, तार मृत असल्याची चाचणी घेऊन आणि ती रुळाला जोडूनच. हे काम प्रशिक्षित माणसाचंच. डीसीचा चाप, म्हणजे फटीतून उडणारी विजेची ज्योत, एकदा पेटला की सहज विझत नाही.

जागा की गाडी?

दांडा सुटला की पाच गोष्टी लिहून ठेवा: गाडीचा क्रमांक आणि कोणता दांडा, जाण्याची दिशा, जवळच्या खांबाचा क्रमांक, अंदाजे वेग, आणि त्या क्षणी मोटर वीज घेत होती की गाडी नुसती घरंगळत होती. मग त्याच जागेवरून दुसरी गाडी त्याच वेगाने न्या. दोन्ही गाड्यांचा दांडा तिथेच सुटला, तर दोष तारेत किंवा रुळात आहे. एकाच गाडीचा दांडा वेगवेगळ्या जागी सुटत असेल, तर दोष छतावर आहे. एकच गाडी आणि एकच जागा असेल, तर दोन्हीकडे थोडं थोडं बिघडलेलं असतं. हा प्रकार सर्वांत चिवट, आणि तो बहुधा वळणावर किंवा फ्रॉगवर, म्हणजे तारेला फाटा फुटतो तिथल्या जोडावर, सापडतो.

रुळाकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ नये. एका बाजूच्या रुळाचा जोड खचला की गाडी डोलते. छत साधारण साडेतीन मीटर उंचीवर आणि चाक त्याच्याही वर दोन मीटर, त्यामुळे रुळावरचा 10 मिलिमीटरचा खड्डा चाकापाशी कितीतरी मोठा झोका होतो. सरळ मार्गावर दांडा सुटत असेल, तर आधी खाली पाहा.

चाक आणि हार्प

चाक ब्राँझचं, साधारण 100 ते 150 मिलिमीटर व्यासाचं. खोबणीच्या तळाशी व्यास 100 मिलिमीटर धरला, तर ताशी 36 किलोमीटर वेगाला ते मिनिटाला सुमारे 1,900 फेरे घेतं, आणि त्याच वेळी गाडीचा सगळा प्रवाहही त्यातूनच जातो. इतकं काम करणारा भाग गाडी बाहेर काढण्याआधी रोज पाहायलाच हवा.

दांडा खाली ओढून हुकात अडकवा आणि चाक बोटाने फिरवा. ते सहज फिरलं पाहिजे, पण लटपटता कामा नये. आसावर डावीकडे-उजवीकडे झुकत असेल, तर बुश (चाकाच्या भोकातली नळी) झिजला आहे. ग्राफाइट भरलेल्या ब्राँझच्या बुशाला वंगण लागत नाही. वरून तेल सोडलं, तर धूळ आणि तांब्याचा चुरा चिकटून चाक जड होतं.

मग हार्पच्या दोन बाजूंच्या संपर्क-स्प्रिंगा पाहा. वीज चाकातून हार्पमध्ये जायला हवी ती या स्प्रिंगांमधून, आसातून नव्हे. त्या सैल झाल्या की प्रवाह बुशातून वाट काढतो, बुश जळतो आणि चाक अडकतं. अडकलेलं चाक तारेवर घासून सपाट होतं, आणि तो सपाट भाग पुढे तार कानशीसारखा खातो. गाडी जाताना वरून ठरावीक अंतराने टकटक ऐकू आली आणि वेगाबरोबर ती वाढली, तर चाक सपाट झालं आहे. टकटक फक्त तारेच्या प्रत्येक आधारापाशी येत असेल, तर तार पकडणारे इअर खाली उतरले आहेत.

खोबण बोटाने चाचपा. ती खोल आणि अरुंद झाली असेल, तर वळणावर तार तळाशी न राहता कडेवर चढते. एकाच बाजूची कड जास्त झिजली असेल, तर नवं चाक टाकण्याआधी दांड्याची रेष तपासा, नाहीतर नवीन चाकही तसंच झिजेल. यासाठी गाडी सपाट, सरळ रुळावर उभी करा, दांडा तारेवर ठेवा आणि गाडीच्या मागे, बरोबर मध्यरेषेवर उभं राहून वर पाहा. चाकाच्या दोन्ही कडा तारेच्या दोन बाजूंना सारख्या दिसल्या पाहिजेत. एकच कड दिसली, तर हार्प पिळला आहे किंवा दांडा वाकला आहे. वाकलेला दांडा छतावरच ठोकून सरळ करू नका. तो उतरवा, फिरवून पाहा आणि वाक कुठे आहे ते नक्की करा.

ताण

चाकाने तारेला खालून दिलेला दाब साधारण 11 ते 14 किलो असावा, म्हणजे 25 ते 30 पाउंड. वेगवान आंतरशहरी गाड्यांना याहून जास्त लागतो. मोजणी मृत तारेखाली करा. दोरी जिथे दांड्याला बांधली आहे तिथे स्प्रिंगकाटा अडकवा, बरोबर खाली उभे राहा आणि चाक तारेवरून जेमतेम सुटेपर्यंत सरळ खाली ओढा.

एका आकड्यावर थांबू नका. दांडा हळूहळू खाली आणताना काटा काय दाखवतो आणि हळूहळू वर जाऊ देताना काय, ते दोन्ही लिहा. फरक जितका मोठा तितकं बेसच्या बिजागरीत घर्षण जास्त. अशा वेळी स्प्रिंग आवळली तर काट्यावर आकडा बरोबर दिसतो, पण तार खाली-वर झाली की चाक तिच्यामागे वेळेवर जात नाही. आधी बिजागरी साफ करून ग्रीस भरा, मग स्प्रिंगला हात लावा. बेस आडवा फिरतो ते बेअरिंगही तपासा. सपाट रुळावर दांडा एका हाताच्या हलक्या ढकलण्याने बाजूला गेला पाहिजे.

ताण कमी असेल तर चाक उडतं आणि चाप पेटतो. ताण जास्त असेल तर तार आणि चाक दोन्ही लवकर झिजतात, आणि दांडा सुटला तर जोरात वर जाऊन मुख्य तार धरणाऱ्या आडव्या तारा तोडतो.

वळणावर तार कुठे हवी

दांडा गाडीच्या मागे झुकलेला असतो, त्यामुळे वळणावर चाकाची वाट रुळांच्या मध्यावर राहत नाही. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकते. चाक तारेच्या रेषेत राहायचं तर तारही तितकीच आत घ्यावी लागते. हिशोब सोपा आहे. दांड्याची आडवी लांबी घ्या, तिचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा. 4 मीटरचा दांडा 2 मीटर चढत असेल, तर त्याची आडवी लांबी साधारण 3.5 मीटर. 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर 12.25 भागिले 30, म्हणजे सुमारे 0.4 मीटर.

बेस बोगीच्या (गाडीखालच्या चाकांच्या वळत्या सांगाड्याच्या) मध्यावर असेल, तर एवढंच पुरे. बेस गाडीच्या मध्यावर असेल, तर गाडीचा मध्यही वळणावर आत सरकतो, ते जोडा: दोन बोगींच्या मध्यांतल्या अंतराच्या निम्म्याचा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. बोगींत 6 मीटर अंतर असेल, तर आणखी 0.3 मीटर. म्हणजे त्याच वळणावर दोन गाड्यांना वेगवेगळी तार हवी असते. जिथे तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या धावतात तिथे मधली जागा निवडावी लागते. ती निवडताना सर्वाधिक फेऱ्या करणाऱ्या गाडीला झुकतं माप द्यावं आणि बाकीच्यांचा वेग कमी ठेवावा. वळणाला चढ दिलेला असेल, म्हणजे बाहेरचा रूळ उंच असेल, तर गाडी आत झुकते आणि तार त्याहून थोडी आत लागते.

वळणावर तार अनेक ठिकाणी ओढून धरलेली असते, म्हणून तिचा आकार सरळ तुकड्यांचा होतो. एकाच ओढणीवर मोठा कोन पडला असेल, तर चाक तिथेच उडी मारतं. उपाय म्हणजे ओढण्या वाढवून कोन वाटून देणं. ताण वाढवून हा दोष जात नाही.

फ्रॉग

सगळ्यात जास्त दांडे सुटतात ते इथे. रुळाचा सांधा, म्हणजे गाडीला फाट्यावर नेणारे हलते रूळ, फिरवला तरी वरच्या फ्रॉगमध्ये हलणारं काही नसतं. गाडी वळायला लागते, दांडा तिरका होतो आणि त्या तिरक्या ओढीने चाक योग्य तार धरतं. म्हणून चाक फ्रॉगपाशी पोचण्याआधी गाडी पुरेशी वळलेली असायला हवी. फ्रॉग रुळाच्या सांध्याच्या नेमका वर नसून वळणाच्या दिशेने पुढे असतो तो यासाठी.

गाडी फाट्यावर वळते आणि चाक मात्र सरळ तारेवर जातं, असं वारंवार झालं तर फ्रॉग अलीकडे आहे. ओढ तयार होण्याआधीच चाक तिथे पोचतंय. तो पुढे सरकवा. याउलट चाक फ्रॉगच्या आधीच, अजून सरळ तारेवर असताना कडेने बाहेर चढत असेल, तर फ्रॉग फार पुढे आहे. एका वेळी 10 ते 15 सेंटिमीटरच सरकवा आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या गाडीने तपासा.

फ्रॉगमध्ये चाक तार सोडून आपल्या कडांवर, सपाट तळावरून चालतं. तो तळ दोन्ही दिशांनी पाणसळीत हवा. तीन बाजूंच्या तारांची ओढ असमान झाली की फ्रॉग कलतो आणि चाक उताराकडे घसरतं. तळावर चापाचे खड्डे पडले असतील, तर ते मोटरमन वीज चालू ठेवून जात असल्याची खूण. कडा झिजलेलं चाक तारेवर चालून जाईल, फ्रॉगवर अडखळेल. त्याच मार्गावर चाकाऐवजी तारेवर घसरणारे कार्बनचे शू लावलेल्या गाड्याही असतील, तर फ्रॉग दोन्हींना चालणारा आहे ना हे आधी पाहा.

दोरी, कॅचर, रिट्रीव्हर

दांडा सुटल्यावर नुकसान किती होईल हे दोरीच्या टोकाचं यंत्र ठरवतं. कॅचर दोरी अडवतो, म्हणजे दांडा आणखी वर जात नाही. रिट्रीव्हर त्याहून पुढे जाऊन जोरकस स्प्रिंगने दांडा खाली ओढतो. गाडी बाहेर काढण्यापूर्वी दोरी हळू ओढा, ती सुटत गेली पाहिजे. मग झटका द्या, ती जागीच अडकली पाहिजे. झटक्याला अडकत नसेल तर गाडी बाहेर काढू नका.

कॅचरची स्प्रिंग दोरीचा झोळ गोळा करण्यापुरतीच हवी. ती फार कडक असेल तर दांडा कायम खाली ओढला जातो, आणि काट्यावर मोजलेल्या 12 किलोंतले प्रत्यक्षात 10च तारेपर्यंत पोचतात. ताण मोजताना दोरी कॅचरमध्ये असताना एकदा आणि सोडवून एकदा, असं दोनदा मोजलं की हे लगेच कळतं. ओली दोरी वीज वाहू शकते, म्हणून दोरीतला इन्सुलेटर शाबूत आणि स्वच्छ ठेवा.

चालवताना

फ्रॉग, तारांची क्रॉसिंग आणि सेक्शन इन्सुलेटर (तारेचे दोन विद्युत भाग वेगळे ठेवणारा तुकडा) इथे कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारा मोटरमनचा दांडा, बंद करून जा. फ्रॉगवर वेग ताशी 8 किलोमीटरच्या आत. दांडा नेहमी मागे ओढलेला असावा. तो पुढे ढकलत गाडी चालवली, तर चाक कशातही अडकलं की दांडा आणखी उभा होतो आणि वरच्या आडव्या तारांत घुसतो. थोडं मागे जावंच लागलं, तर एक माणूस दोरी हातात धरून, चालण्याच्या वेगाने. फ्रॉगवरून असं कधीच जाऊ नका, आधी दांडा फिरवा. दोन दांड्यांच्या गाडीत शेवटच्या थांब्यावर नवा दांडा तारेवर ठेवा आणि मगच जुना उतरवा. त्यामुळे दिवे आणि कंप्रेसर बंद पडत नाहीत.

सुटलाच तर

1. कंट्रोलर लगेच बंद करून गाडी थांबवा. वर मोकळा झुलणारा दांडा प्रत्येक मीटरला काहीतरी तोडत जातो.
2. उतरण्याआधी रस्ता पाहा. कंडक्टर गाडीच्या मागे, वाहतुकीच्या मधोमध उभा राहणार असतो.
3. तार तुटून लोंबत असेल, तर जवळ जाऊ नका. प्रवाशांना आतच बसवून ठेवा आणि वीज बंद करायला सांगा.
4. तार शाबूत असेल, तर दांडा पूर्ण खाली घ्या. चाक, हार्प आणि दांडा खालूनच पाहा. चाक फिरत नसेल किंवा दांडा वाकला असेल, तर तो तारेवर परत ठेवू नका.
5. दिवे, हीटर आणि कंप्रेसर बंद करा, म्हणजे चाक टेकताना चाप पेटणार नाही.
6. कोरडे हातमोजे घाला. दोरी हाताला गुंडाळू नका. चाक तारेच्या बरोबर खाली आणून हळू सोडा. दोन्ही कडा तारेच्या दोन बाजूंना दिसल्यावरच घंटा द्या.
7. पहिली गाडीभर लांबी चालण्याच्या वेगाने, वर नजर ठेवून.

थंड प्रदेशात तारेवर बर्फाचा थर बसला, तर चाक त्यावरून फिरत राहतं, पण वीज मिळत नाही आणि सतत चाप पेटतो. तेव्हा काही काळ चाकाच्या जागी बर्फ खरवडणारा कटर बसवतात. बर्फ गेल्यावर तो लगेच काढा, कारण उघड्या तांब्यावर तो तार झिजवतो. थंडीत तांबं आकसतं: 100 मीटर तार 40 अंशांच्या फरकाने जवळपास 7 सेंटिमीटर आखूड होते. नीट न बांधलेला फ्रॉग त्या ओढीने जागचा सरकतो. म्हणून उन्हाळ्यात बरोबर बसवलेला फ्रॉग पहिली कडक थंडी पडली की पुन्हा मोजावा, आणि वसंतात आणखी एकदा.