संधिवाताच्या संशोधनाला दोघातिघांचा निधी घेण्याआधी

सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी सांभाळणाऱ्यांना, फोन लावण्याआधी काम नेमकं कशावर आहे ते ठरवा: गुडघ्यांची झीज की आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), गावातली पाहणी की औषधाची चाचणी. सगळंच थोडं थोडं करू म्हणणाऱ्या प्रस्तावाला कुणी पैसे देत नाही. जोडीला इथलाच आधार द्या. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला कोपकॉर्डची (सांधे-स्नायूंच्या दुखण्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणी-कार्यक्रमाची) घरोघर पाहणी सुरू केली. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. आकडा लहान दिसतो, म्हणून हा आजार ऐन कमावत्या वयात धरतो आणि जन्मभर औषधं मागतो, हे पुढच्याच ओळीत येऊ द्या.

आता पैशांचा क्रम. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीनुसार वैद्यकीय संशोधनाला सीएसआरचा पैसा चालतो, पण त्या प्रकल्पामागे केंद्र किंवा राज्य सरकारचा, सरकारी उपक्रमाचा अथवा सरकारी संस्थेचा निधी हवा. सरकारी विद्यापीठं आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना मात्र थेट देता येतं. म्हणजे तुमचं ट्रस्टचं रुग्णालय असेल, तर आधी आयसीएमआरसारख्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या) सरकारी संस्थेचं निधीचं मंजुरीपत्र हातात घ्या आणि मगच कंपनीच्या दारात जा. उलट क्रमाने गेलात तर मीटिंगा छान होतात, चहा-बिस्किटं होतात, आणि फाइल त्यांच्या लीगलकडे अडकते. आयकराच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या आणि सीएसआर-१ चा (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेने भरायच्या अर्जाचा) नोंदणी क्रमांक एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बहुवर्षीय सीएसआर प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षं मिळतात. आमवाताच्या रुग्णांवर पाच-सात वर्षं नजर ठेवायची असेल, तर पुढचा खर्च कुणाचा, हे आजच विचारा; चौथ्या वर्षी विचारलंत तर सगळे माना खाली घालतात.

परदेशी निधी येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी, प्रत्येक भागीदाराची स्वतःची लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा ‘पैसे आमच्याकडे येऊ द्या, मग वाटून घेऊ’ ही बोलणी मुळातच बंद. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. परदेशी भागीदारासाठी एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) मंजुरीही लागते. तिला वेळ धरूनच वेळापत्रक आखा.

एथिक्स कमिटीची मंजुरी सगळ्यांत आधी, आणि चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बजेट मात्र सावकाश बसून करा. उणे ८० अंशांचा फ्रीझर सगळे लिहितात, त्याच्या जनरेटरचं डिझेल कुणी लिहीत नाही. रुग्णाचं आणि सोबत येणाऱ्याचं एसटीभाडं लिहा. आमवाताच्या माणसाचे सांधे सकाळी तास-दोन तास आखडलेले असतात. त्याला आठची वेळ दिलीत तर तो येणार नाही. अकरानंतरची द्या, आणि तंत्रज्ञाचा पगार त्या वेळेनुसार धरा. संमतीपत्राला जाड पेन ठेवा, सुजलेल्या बोटांत बारीक रिफिलचं पेन धरवत नाही.

सामंजस्य करारात रक्ताचे नमुने कुणाच्या ताब्यात, डेटा कुणाचा, शोधनिबंध कंपनीला किती दिवस आधी दाखवायचा आणि ती तो थांबवू शकते का, हे स्पष्ट हवं. अमेरिकेत २०१४ मध्ये एनआयएच (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था), औषध कंपन्या आणि ना-नफा संस्थांनी आमवात आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार) यांच्यासाठी एकत्र निधी उभा केला, तेव्हा डेटा सर्वांसाठी खुला करायचा हे सुरुवातीलाच ठरलं होतं. आपल्याकडे ‘ते नंतर बघू’वर सह्या होतात.

प्रत्येक निधीला वेगळं लेजर उघडा आणि यूसीचा (निधी वापरल्याच्या प्रमाणपत्राचा) नमुना पहिल्या हप्त्याआधीच सीएला दाखवा. बॅनरवर कुणाचा लोगो आधी हेही लिहूनच घ्या. उद्घाटनाच्या आदल्या रात्री फ्लेक्स पुन्हा छापून देणारा सहज सापडत नाही.