शर्यतीच्या घोड्याची डोप चाचणी: तबेल्यातील या चुका टाळा

गोव्यातून पुणे-मुंबईच्या मैदानांवर घोडा उतरवू पाहणारे मालक उत्तेजक द्रव्य म्हटले की चोरून दिलेल्या इंजेक्शनचाच विचार करतात. मात्र आजच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीला) मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमइतका अंशही सापडतो, त्यामुळे निव्वळ हलगर्जीपणानेही घोडा चाचणीत दोषी ठरू शकतो.

सर्वांत दुर्लक्षित चूक पेंढ्याची आहे. फ्लुनिक्सिनसारखे वेदनाशामक घोड्याच्या लघवीतून बाहेर पडते, ओल्या पेंढ्यात टिकते आणि तोच पेंढा चघळल्याने पुन्हा पोटात जाते, त्यामुळे औषध बंद करूनही ते दिवसेंदिवस सापडत राहते. पावसाळ्यात कोरडा पेंढा महाग पडतो म्हणून जुनाच चालवणे येथे मोहाचे वाटते. उपचार सुरू असताना रोज आणि औषध थांबल्यावर एकदा संपूर्ण अंथरूण बदलावे. मोतद्दाराने ठाणात लघवी करणेही धोक्याचे, कारण त्याने घेतलेल्या गोळ्यांचे अंश त्याच वाटेने घोड्यापर्यंत पोहोचू शकतात.

वैरणीत धोतरा मिसळलेला नाही ना, हे गवत टाकण्यापूर्वी पाहावे; त्यातील स्कोपोलामाइन आणि अॅट्रोपिन चाचणीत दिसतात. कोकोच्या टरफलांतून थिओब्रोमाइन हे उत्तेजक द्रव्य येते. खाद्यातून सहज येणाऱ्या अशा काही पदार्थांना आंतरराष्ट्रीय नियमांत मर्यादा दिलेली आहे (लघवीत थिओब्रोमाइनसाठी मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम, सॅलिसिलिक आम्लासाठी ७५० मायक्रोग्रॅम).

मलम म्हणजे औषध नव्हे, हा समज तर हमखास महागात पडतो. २०२१ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतील शर्यतीत जिंकलेल्या मेडिना स्पिरिट या घोड्याच्या नमुन्यात बीटामेथाझोन हे स्टेरॉइड आढळले. ते त्वचेच्या मलमातून आले, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले, तरीही पुढील वर्षी ते विजेतेपद रद्द झाले.

प्रसिद्ध झालेला शोधकाळ (औषध दिल्यावर ते चाचणीत किती दिवस सापडते तो काळ) हाच शर्यतीपूर्वी औषध थांबवण्याचा काळ समजू नये. तो मोजक्या घोड्यांवरील निरीक्षण असतो. मात्रा, वय आणि औषध देण्याचा मार्ग पाहून त्यात किती दिवसांची भर घालायची, हे पशुवैद्यकानेच ठरवावे आणि उपचारवहीत तारीख-वेळेसह लिहावे.

नमुना घेताना आपला प्रतिनिधी हजर ठेवावा, बाटल्यांवरील क्रमांक आणि सील त्याने स्वतः तपासूनच सही करावी. पहिला अहवाल विरोधात गेला, तर नमुन्याच्या राखून ठेवलेल्या दुसऱ्या भागाची तपासणी ठरलेल्या मुदतीतच मागावी लागते.